सोळा पेन्स कीं अठरा पेन्स?

१९२६ आणि १९२७ या दोन वर्षांत मुंबईच्या बाजारांत, वृत्तपत्रांत आणि सभासंमेलनांत एका प्रश्नानें जितकें रण माजविलें, तितकें एखाद्या नव्या करानेंहि क्वचितच माजविलें असेल. प्रश्न ऐकावयास अगदीं क्षुल्लक होता. रुपयाची किंमत इंग्रजी नाण्यांत १ शिलिंग ४ पेन्स असावी, कीं १ शिलिंग ६ पेन्स? म्हणजे १६ पेन्स कीं १८ पेन्स, एवढाच वाद. या दोन पेन्सांसाठीं कापसाचे व्यापारी, गिरण्यांचे मालक, अर्थशास्त्राचे अध्यापक आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद एकमेकांवर तुटून पडले होते. हुंडणावळीचें शास्त्र ज्याला ठाऊक नाहीं अशा गृहस्थानें तो गलबला ऐकून सहज विचारलें असतें कीं, दोन पेन्सांनीं कोणाचें असें काय जाणार आहे? त्याला नीट उत्तर द्यावयाचें तर पन्नास वर्षें मागें गेल्यावांचून गत्यंतर नाहीं.

जुनीं नाणीं हल्लींच्या पिढीस अपरिचित झालीं आहेत, तेव्हां तेवढा हिशेब आधींच सांगून टाकणें बरें. १२ पेन्सांचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड; म्हणजे एका पौंडाचे पेन्स २४०. इंग्लंडनें ही पद्धति १९७१ च्या फेब्रुवारींत सोडली. इकडे १६ आण्यांचा रुपया व १२ पैंचा आणा होता. तो १९५७ च्या एप्रिलांत दशमान पद्धतीनें घालविला. रुपया १६ पेन्सांचा धरला तर एका पौंडास बरोबर १५ रुपये पडतात. १८ पेन्सांचा धरला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. पेन्स वाढले कीं रुपया महाग आणि पौंड स्वस्त, पेन्स घटले कीं याच्या उलट, एवढें सूत्र हातीं असलें म्हणजे पुढील सारा इतिहास उलगडतो.

१८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखांत एकच रुपया चालू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा; त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हा रुपया सरकारच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. कोणीहि मनुष्य चांदी घेऊन मुंबईच्या अगर कलकत्त्याच्या टांकसाळीच्या दारीं गेला, कीं घडणावळीचा अल्पसा आकार कापून घेऊन टांकसाळ त्याला रुपये पाडून देई. रुपया म्हणजे छाप मारलेली चांदी, आणि चांदी म्हणजे छाप मारावयाचा राहिलेला रुपया, असा सरळ व्यवहार होता. इंग्लंडचें नाणें सोन्याचें. तेव्हां रुपया आणि पौंड यांचें नातें हें वस्तुतः चांदी आणि सोनें यांचें नातें होय. एक भार सोन्यास सुमारें साडेपंधरा भार चांदी, हें प्रमाण युरोपांत दीर्घकाळ फारसें हललें नव्हतें; त्यामुळें रुपयाचा भावहि दोन शिलिंगांच्या आसपास असे आणि कोणी त्याची चर्चा करीत नसे.

हें स्थैर्य १८७० नंतर मोडलें. फ्रान्सवर विजय मिळविल्यावर जर्मनीनें सोन्याचें नाणें स्वीकारलें आणि आपल्याजवळची चांदी विकावयास काढली. अमेरिकेनें १८७३ सालीं चांदीचें मुक्त नाणें बंद केलें. फ्रान्स व त्याच्या मित्रराष्ट्रांनीं १८७४ पासून चांदीचीं नाणीं पाडण्यावर मर्यादा घातली व १८७८ सालीं तीं पाडणें थांबविलें. इकडे गिऱ्हाईक उठून चाललें असतां तिकडे नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा लोट बाहेर पडत होता. लंडनच्या बाजारांत जी चांदी १८७२ च्या सुमारास औंसास ६० पेन्स भावानें विकली जाई, ती १८९४ सालीं ३० पेन्सांच्याहि खालीं आली. तिच्या गळ्याला बांधलेला रुपयाहि तिच्याबरोबर बुडूं लागला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रुपया घसरला म्हणून खेड्यांतील शेतकऱ्याचें कांहीं बिघडलें नव्हतें. त्याचा कापूस व त्याचा गहूं विलायतेंत पौंडांत विकला जाई, आणि त्या पौंडाचे रुपये पूर्वींपेक्षां अधिक येत. मुंबईच्या गिरण्यांनाहि मँचेस्टरच्या मालाशीं टक्कर देण्यास या घसरणीचें थोडेंफार साहाय्यच झालें. ज्याला खरा चिमटा बसला तो सरकारला. हिंदुस्थान सरकार सारा रुपयांत गोळा करी, परंतु त्याचा मोठा खर्च लंडनमध्यें पौंडांत भागवावा लागे. रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचीं पेन्शनें, इंडिया ऑफिसचा खर्च, लष्करी सामान अशा नाना बाबींचा तो भरणा होता. ‘होम चार्जेस’ हें त्याचें सरकारी नांव. तत्कालीन राजकारणांत त्या दोन शब्दांइतके कडू शब्द दुसरे नव्हते.

हा भरणा विलायतेस कसा पोंचे, ती युक्ति मोठी नामी होती. पेट्या भरून रुपये बोटींतून पाठविले जात असतील अशी कल्पना कोणी केल्यास ती चुकीची आहे. लंडनमध्यें दर बुधवारीं बँक ऑफ इंग्लंडमध्यें भारतमंत्र्यांच्या वतीनें हुंड्या विकण्यांत येत. त्यांना ‘कौन्सिल बिलें’ म्हणत. हिंदुस्थानांतून कापूस अगर ताग घेणाऱ्या विलायती व्यापाऱ्याला इकडे रुपये चुकते करावयाचे असत. तो तेथें पौंड देऊन ही हुंडी विकत घेई, टपालानें इकडे पाठवी, आणि कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सरकारी तिजोरी तिच्यावर रुपये मोजून देई. पौंड लंडनमध्येंच राहिले, रुपये इकडेच राहिले, आणि शेतकऱ्याच्या सारा-पट्टींतून आलेला पैसा शेतकऱ्याच्याच कापसाची किंमत म्हणून त्याला परत मिळाला. माल तेवढा समुद्रापार गेला. दादाभाई नौरोजी ज्या द्रव्यशोषाविषयीं जन्मभर बोलत आले, त्याचें यंत्र हेंच होतें, आणि तें इतक्या निःशब्दपणें चाले कीं पुष्कळांना त्याचा पत्ताच नसे.

आतां आंकडे पाहावे. १८९२-९३ या एका वर्षांत भारतमंत्र्यांनीं या मार्गानें १ कोटी ६५ लक्ष पौंड ओढले. त्या वर्षीं रुपयाचा सरासरी भाव जवळजवळ १५ पेन्सांवर आला होता, त्यामुळें तेवढ्या पौंडांसाठीं इकडच्या तिजोरींतून सुमारें २६ कोटी ४८ लक्ष रुपये मोजावे लागले. १८७३-७४ सालचा भाव टिकला असता तर हेंच काम १७ कोटी ७५ लक्षांत झालें असतें. फरक ८ कोटी ७३ लक्ष रुपयांचा! लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या समितीनें हे आंकडे आपल्या अहवालांत मांडले, आणि सरकारला नवा कर बसवावा लागेल अथवा हुंडणावळ सुधारावी लागेल अशी निकड त्यांतून उभी केली.

गोऱ्या अधिकाऱ्यांची तक्रार निराळीच. त्यांचा पगार रुपयांत, मुलेंबाळें विलायतेंत. पगाराची रक्कम तीच राही, पण घरीं पाठविलेल्या रुपयांचे पौंड मात्र वर्षानुवर्षें रोडावत. १८९३ सालीं सरकारनें त्यांना ‘एक्स्चेंज काँपेन्सेशन’ या नांवाचा भत्ता मंजूर केला. अर्ध्या पगारापुरतें, व १००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, रुपया १८ पेन्सांचा आहे असें समजून जी तूट येईल ती भरून द्यावयाची. बाजारांत रुपया १५ पेन्सांचा, कारकुनाला तो १५ पेन्सांचा, शेतकऱ्याला तो १५ पेन्सांचा, पण साहेबाला तेवढा १८ पेन्सांचा! एकाच नाण्याच्या दोन किंमती सरकारनेंच कागदावर मान्य केल्या, याचा हिंदी पुढाऱ्यांनीं संताप केला असल्यास त्यांत नवल नव्हतें.

२६ जून १८९३ रोजीं सिमल्यास कायदेमंडळाची बैठक भरली आणि एकाच बैठकींत कायदा मंजूर झाला. त्या दिवसापासून टांकसाळीचीं दारें खाजगी चांदीला बंद झालीं. यापुढें रुपये पाडावयाचे ते केवळ सरकारनें, आणि तेहि सरकारला वाटेल तेव्हां. हेतु उघड होता. रुपयांची आवक तोडली, म्हणजे वाढत्या व्यवहाराला ते अपुरे पडतील, त्यांची टंचाई होईल, आणि टंचाईच्या वस्तूचा भाव चढतो त्याप्रमाणें रुपयाचाहि चढेल. सरकारनें लक्ष्य ठरविलें १६ पेन्स. आरंभीं युक्ति फसल्यासारखी दिसली. १८९४-९५ सालीं भाव १३ पेन्सांपर्यंत खालीं गेला. परंतु उपासमारीचा उपाय हळूहळू लागूं पडतो. १८९८ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर येऊन ठेपला.

सरकारच्या खतावणींत हा विजय म्हणून नोंदला गेला. घराघरांतील हिशेब वेगळा होता, आणि तो कोणत्याहि खतावणींत आला नाहीं. दक्षिणेंतील कुणब्याची बँक म्हणजे त्याच्या घरधनिणीच्या अंगावरचे दागिने. गोट, वाक्या, तोडे, पोरांच्या पायांतले वाळे, सारें चांदीचें. चांगल्या सालीं चार रुपये उरले तर ते मोडून दागिना करावयाचा, वाईट सालीं दागिना मोडून पुन्हां रुपये करावयाचे. १८९३ पूर्वीं हा व्यवहार जवळजवळ बिनतुटीचा होता, कारण टांकसाळ उघडी होती. सोनार वा सराफ फार तर आपली दलाली ठेवी. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया वर चढला आणि चांदी खालीं राहिली. १८९९ च्या सुमारास रुपयांतील चांदीची बाजारांतली किंमत सुमारें १० पेन्स होती, आणि तोच रुपया १६ पेन्सांना चालत होता. म्हणजे ज्या बाईनें एक रुपया आटवून त्याचे वाळे करविले होते, तिला ते विकतांना सुमारें दहा आणेच मिळावयाचे. सहा आणे कोठें गेले हें तिला कोण सांगणार? आणि ही विक्री कोणत्या सालीं करावी लागली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांच्या सालीं, घरांत दाणा नसतांना, गोठ्यांत जनावर मरत असतांना. कोणत्याहि कायदेमंडळांत चांदीच्या दागिन्यांवर रुपयाला सहा आणे कर बसविण्याचें विधेयक आणण्याची छाती कोणा अर्थमंत्र्याला झाली नसती. हुंडणावळीच्या मार्गानें तेंच घडलें, आणि त्याला कर असें नांवहि पडलें नाहीं. १८९८ सालीं सर हेन्री फौलर यांच्या समितीपुढें दादाभाईंनीं या धोरणावर कडक टीका केली ती याच अंगानें: रुपया महाग करणें म्हणजे आंकडा न बदलतां रयतेचा सारा वाढविणें होय.

फौलर समितीनें १६ पेन्सांवर शिक्कामोर्तब केलें. १८९९ च्या कायद्यानें इंग्रजी सॉव्हरिन १५ रुपयांस कायदेशीर नाणें ठरलें. समितीच्या मनांत होतें कीं हिंदुस्थानांतहि पुढें सोन्याचीं नाणीं चालावीं. तें घडलें नाहीं. प्रत्यक्षांत देशांत रुपये व नोटा, आणि लंडनमध्यें पौंडांचा सांठा, अशी एक मधलीच व्यवस्था आपोआप रुजली. केन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञानें १९१३ सालीं पुस्तक लिहून तिची वाखाणणी केली. त्यानें इंडिया ऑफिसांत कांहीं काळ नोकरी केली होती. हिंदुस्थान मात्र त्यानें डोळ्यांनीं पाहिला नव्हता. असो. पहिल्या महायुद्धापर्यंत ही व्यवस्था बिनबोभाट चालली, हें मान्य केलें पाहिजे.

युद्धानें सारें उलटेंपालटें केलें. चांदी महाग झाली. औंसाचा भाव ४३ पेन्सांच्या पुढें गेला, कीं १६ पेन्सांच्या रुपयांत १६ पेन्सांहून अधिक किंमतीची चांदी भरते, आणि मग रुपया खर्चण्यापेक्षां वितळविणें फायद्याचें होतें. १९१७ च्या ऑगस्टांत सरकारला दर १ शिलिंग ५ पेन्स करावा लागला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पुढें पायऱ्या चढत चढत १९१९ च्या डिसेंबरांत दर २ शिलिंग ४ पेन्सांवर गेला. या धुंदींत बॅबिंग्टन स्मिथ समितीनें रुपया कायमचा दोन शिलिंग सोन्याचा करावा, म्हणजे सॉव्हरिनला १० रुपये, अशी शिफारस केली. समितीवर दादिबा मेरवानजी दलाल हे मुंबईचे एकच हिंदी सभासद होते. त्यांनीं एकट्यानें भिन्न मतपत्रिका जोडून १५ रुपयांचा जुना दर कायम ठेवण्यास सांगितलें. एकाचें मत कोण ऐकतो?

१९२० च्या फेब्रुवारींत बाजारांतला दर २ शिलिंग ८ पेन्सांच्याहि वर गेला आणि मग कडा तुटल्यासारखा खालीं आला. सरकारनें तो सांवरण्यासाठीं लंडनवरील उलट हुंड्या विकावयास काढल्या. सप्टेंबर अखेर हात टेकीपर्यंत साडेपांच कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांत गेली. बाजारभावाहून स्वस्त पौंड मिळत असल्यामुळें ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं तो विलायतेस नेऊन उभ्या उभ्या नफा केला. भरडला गेला तो आयात व्यापारी. दोन शिलिंगांच्या भरंवशावर त्यानें १००० पौंडांचें कापड मागविलें तेव्हां त्याच्या मनांत हिशेब १०,००० रुपयांचा होता. माल बंदरांत आला तेव्हां रुपया १६ पेन्सांवर होता आणि बिल १५,००० चें झालें होतें. पुष्कळांनीं माल सोडविण्याचें नाकारलें, कित्येक पेढ्या बसल्या. १९२१ च्या आरंभीं दर १५ पेन्सांच्या आसपास होता. कायद्याच्या पुस्तकांत मात्र सॉव्हरिन १० रुपयांचाच राहिला, आणि तो त्या भावानें देणारा मूर्ख शोधूनहि सांपडला नसता.

या पडझडीनंतर लवकरच, १९२३ सालीं, लंडनमध्यें ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर एक इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक भीमराव रामजी आंबेडकर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें केलेल्या अभ्यासाचें तें फळ होतें, आणि प्रोफेसर एडविन कॅनन यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. केन्सनें वाखाणलेल्या व्यवस्थेवर आंबेडकरांनीं घाव घातला. हुंडणावळ स्थिर आहे म्हणून नाणें स्थिर आहे असें नव्हे; देशांत त्या नाण्यानें किती धान्य, किती कापड मिळतें हें स्थिर पाहिजे, आणि रुपये किती काढावे हें सरकारच्या मर्जीवर सोडलें तर तें कधींच स्थिर राहणार नाहीं, असा त्यांचा रोख होता. आणखी एक गोष्ट त्यांनीं सांगितली, ती व्यापाऱ्यांना रुचण्यासारखी नव्हती. रुपया स्वस्त झाला म्हणजे निर्यातीला नफा होतो खरा. पण तो नफा परदेशांतून येत नाहीं. किंमती चढतात आणि मजुरी मागें राहते, म्हणून तो देशांतल्याच मजुराच्या ताटांतून येतो. १९२५ च्या डिसेंबरांत हिल्टन यंग कमिशनपुढें त्यांची साक्ष झाली.

आतां दोन पेन्सांच्या त्या वादाकडे वळावयास हरकत नाहीं. १९२४ च्या अखेरीपासून रुपया १८ पेन्सांच्या सुमारास आला होता, आणि सरकारनें तो तेथें धरून ठेवला. हिल्टन यंग कमिशननें १९२६ सालीं निर्णय दिला कीं, किंमती आणि मजुरी या दरास जुळून गेल्या आहेत, तेव्हां १८ पेन्सच कायम करावे. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं विरोधी मतपत्रिका लिहिली: जुळणी झालेली नाहीं, ती सरकारनें गृहीत धरली आहे, आणि हा भार शेतकऱ्याच्या शिरावर बसणार आहे.

लिव्हरपूलच्या बाजारांत १० पौंडांस विकला जाणारा कापूस घ्या. १६ पेन्सांच्या दरानें वऱ्हाडांत किंवा खानदेशांत त्याचे १५० रुपये होतात. १८ पेन्सांच्या दरानें १३३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, श्रम तेच, लिव्हरपूलची किंमत तीच, आणि शेतकऱ्याच्या हातीं पावणेसतरा रुपये कमी. खर्चाच्या बाबी मात्र रुपयांत ठरलेल्या. मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याची आकारणी एकदां झाली कीं तीस वर्षांसाठीं होई. सावकाराचें खत रुपयांत लिहिलेलें. तें लिहिलें तेव्हां रुपया १६ पेन्सांचा होता, फेडावयाचा तो १८ पेन्सांच्या रुपयांनीं. विलायती माल आठ-नऊ रुपयांत एक रुपया स्वस्त झाल्यामुळें मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनाहि धास्ती पडली होती; गिरणीवाले शेतकऱ्याच्या नांवानें अश्रु ढाळतात, असा टोमणा सरकारपक्षानें मारला तो अगदींच निराधार नव्हता.

दुसऱ्या बाजूचेंहि ऐकून घेतलें पाहिजे. १८ पेन्सांनीं होम चार्जेसचा बोजा रुपयांत कमी झाला आणि नवा कर टळला, असें अर्थमंत्री सर बेसिल ब्लॅकेट सांगत. तें खोटें नव्हतें. शिवाय नक्की पगारावर राहणारा जो वर्ग, म्हणजे पुण्यामुंबईचा कारकून, शिक्षक, पेन्शनर, त्याला महाग रुपया हिताचाच होता. त्याचें धोतर, त्याच्या चुलीचें रॉकेल, त्याच्या मुलाची सायकल सारीं स्वस्त झालीं. वाद ऐन भरांत असतां या वर्गांतील पुष्कळांनीं देशाभिमानानें १६ पेन्सांचा पक्ष घेतला, हें त्यांना भूषणावह खरेंच. परंतु १८ पेन्सांचा लाभ महिन्याच्या महिन्याला त्यांच्याच घरीं येत होता आणि त्याची किंमत वऱ्हाडांतला कापूसवाला भरीत होता, ही गोष्ट त्या काळच्या व्याख्यानांतून फारशी बोलली जात नसे. इंग्लंडांतहि याच सुमारास हेंच नाटक चाललें होतें. १९२५ सालीं चर्चिलसाहेबांनीं पौंडास युद्धपूर्व सोन्याच्या भावावर चढविलें, आणि त्याची झळ तेथील कोळशाच्या खाणींतल्या मजुराला लागली. केन्सनें त्यावर एक जहाल पुस्तिका लिहिली. हिंदुस्थानाच्या शेतकऱ्याला असा वकील लंडनमध्यें मिळाला नाहीं.

१९२७ च्या मार्चांत मध्यवर्ती कायदेमंडळांत मतें पडलीं आणि बोटांवर मोजण्याइतक्या मतांच्या आधिक्यानें १८ पेन्सांचा पक्ष जिंकला. कायद्यानें सोन्याचा भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै ठरविला. सरकार या भावानें सोनें देण्यासहि बांधलें गेलें. अट एवढीच कीं गिऱ्हाइकानें एका वेळीं निदान १०६५ तोळे मागावे, आणि सोन्याऐवजीं पौंड देण्याची मुभा सरकारला असावी! मुलीच्या लग्नासाठीं दहा तोळे घेऊं पाहणाऱ्या गृहस्थानें या सुवर्णचलनाचा उपभोग कसा घ्यावा, हें कायद्यांत सांगितलेलें नव्हतें.

मग १९२९ ची मंदी आली. कापसाचे भाव जगभर कोसळले, आणि १८ पेन्सांचा रुपया टिकविण्यासाठीं सरकार चलन आंखडीत राहिलें, घसरणीवर घसरण. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सोनें सोडलें, तेव्हां रुपयाला मोकळा सोडावा असें पुष्कळांचें म्हणणें होतें. लंडनहून हुकूम सुटला, रुपया पौंडाच्याच दाव्याला १८ पेन्सांवर बांधला गेला. सोन्याचा भाव वर्षभरांत तोळ्यास ३० रुपयांच्या आसपास चढला. मंदीनें पिळलेल्या घरांतून सोनें बाहेर पडूं लागलें, आणि मुंबईच्या बंदरांतून बोटीमागून बोट तें घेऊन विलायतेस गेली. १८९९ सालीं चांदीचे वाळे विकणाऱ्या बाईला सहा आणे तोटा आला होता. १९३१ सालीं सोन्याची पुतळी विकणाऱ्या तिच्या सुनेला भाव चांगला मिळाला, एवढा फरक. पुतळी गेली ती गेलीच.

१९३५ सालीं रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तिच्या कायद्यांतहि १८ पेन्सच आले. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें या देशांतून माल व सेवा उधार उचलल्या, आणि त्यांचे जे सुमारें १३० कोटी पौंड लंडनमध्यें जमा झाले त्यांचा हिशेबहि याच दरानें झाला. १९४७ सालीं राज्य बदललें. दर बदलला नाहीं. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडानें डॉलरशीं आपली किंमत ४.०३ वरून २.८० वर उतरविली, तेव्हां भारताचा रुपयाहि त्याच्यामागोमाग उतरला आणि पौंडाशीं तेरा रुपये पांच आणे चार पैंचें नातें अभंग राहिलें. पाकिस्ताननें मात्र आपला रुपया उतरविला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं जो एकच रुपया होता त्याच्या दोन शकलांत १०० ला १४४ असा भाव झाला, आणि पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांच्या दाराशीं येऊन अडला.

ज्या दरावर विदेशी सरकारचें लादणें म्हणून एवढें काहूर उठलें होतें, तो दर स्वतंत्र भारतानें एकोणीस वर्षें जसाच्या तसा चालविला. ६ जून १९६६ रोजीं तो संपला. एका रात्रींत पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. ज्यांचीं मुलें विलायतेंत शिकत होतीं अशा घरांना त्या सोमवारीं हुंडणावळ हा शब्द प्रथमच नीट समजला असेल. पुढल्याच वर्षीं नोव्हेंबरांत पौंड स्वतःच घसरला आणि १८ रुपयांवर आला. या वेळीं रुपया त्याच्याबरोबर गेला नाहीं. १९७१ च्या डिसेंबरांत १८ रुपये ९७ पैसे असा भाव बांधून रुपयाला पुन्हां एकवार पौंडाशीं जखडण्यांत आलें. ती गांठहि २५ सप्टेंबर १९७५ रोजीं सुटली, आणि रुपयाचा भाव ठरवितांना पौंड हें अनेक चलनांपैकीं एक चलन झालें.